बॅटलस्टार गॅलॅक्टिका : पात्रे, कथानक आणि अजून न मिटलेले वाद (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ही प्रश्नावली नेमकी कोणत्या मालिकेविषयी आहे, आणि मालिका पाहिली नसेल तर ती वाचावी का?

रोनाल्ड डी. मूर आणि डेव्हिड आयक यांनी नव्याने घडवलेल्या मालिकेविषयी ही प्रश्नावली आहे. डिसेंबर २००३ मध्ये दोन भागांच्या लघुमालिकेने तिची सुरुवात झाली, ऑक्टोबर २००४ मध्ये ब्रिटनमध्ये आणि जानेवारी २००५ मध्ये अमेरिकेत पहिले पर्व सुरू झाले, आणि चौथ्या पर्वाचा अखेरचा भाग २० मार्च २००९ रोजी दाखवला गेला. ग्लेन लार्सन यांची याच नावाची मूळ मालिका १९७८ सालची. तिचा उल्लेख येथे आवश्यक तेवढाच येईल. पुढील उत्तरांमध्ये सर्व रहस्ये उघड केलेली आहेत, त्यामुळे ज्यांना ती स्वतः उलगडायची आहेत त्यांनी आधी मालिका पाहावी आणि मग येथे परतावे.

सायलॉन हे माणूस आहेत की यंत्र?

चाहत्यांमधील बहुतेक भांडणे फिरून याच प्रश्नाशी येतात, म्हणून तो आधी घेतलेला बरा. मानवांच्या बारा वसाहतींनी सायलॉन नावाची यंत्रे बनवली, यंत्रांनी बंड केले, युद्ध झाले, तह झाला, आणि चाळीस वर्षांच्या शांततेनंतर सायलॉन माणसाच्या रूपात परतले व त्यांनी अण्वस्त्रांनी बाराही वसाहती बेचिराख केल्या. वाचली ती केवळ पन्नास हजारांच्या आसपास माणसे, आणि ती ‘गॅलॅक्टिका’ या युद्धनौकेच्या संरक्षणाखाली जहाजांच्या ताफ्यातून पळत सुटली. नव्या सायलॉनांना रक्तमांस आहे, ते प्रेमात पडतात, प्रार्थना करतात आणि मेल्यावर त्यांची जाणीव दुसऱ्या तयार देहात उतरते.

यंत्रपक्षाचे चाहते म्हणतात की ज्याला मरणाची भीती नाही त्याला माणूस म्हणता येत नाही. त्यांचा हा मुद्दा मालिकेने स्वतःच गंभीरपणे घेतला आहे, कारण चौथ्या पर्वात बंडखोर सायलॉन पुनर्जन्माचे केंद्र नष्ट करण्यासाठी माणसांशी हातमिळवणी करतात आणि मर्त्य होणे स्वीकारतात. दुसऱ्या बाजूचे चाहते शॅरनचे उदाहरण देतात. एकाच साच्यातून निघालेल्या दोन शॅरन आहेत. त्यांपैकी बूमरला स्वतः सायलॉन असल्याचे ठाऊकच नव्हते आणि ते कळल्यावर ती आतून मोडली, तर अथीना सारे जाणून माणसांच्या बाजूने उभी राहिली व अखेरपर्यंत ढळली नाही. साचा एक, स्वभाव दोन. प्रोग्रॅमने सर्व काही ठरत असेल तर हा फरक कोठून आला, याचे समाधानकारक उत्तर यंत्रपक्षाकडून अद्याप आलेले नाही.

स्टारबकला स्त्री केल्यामुळे इतका गदारोळ का झाला?

मूळ मालिकेतील स्टारबक हा सिगार ओढणारा, जुगारी, दिलफेक वैमानिक होता आणि डर्क बेनेडिक्ट यांनी तो साकारला होता. २००३ मध्ये हे पात्र केटी सॅकहॉफ यांच्याकडे गेले. पुरुष असलेला बूमरही स्त्री झाला. जुन्या चाहत्यांना हा आपल्या आठवणींवरचा घाला वाटला आणि स्वतः बेनेडिक्ट यांनीही लेख लिहून जाहीर नापसंती व्यक्त केली. मूळचा अपोलो साकारणारे रिचर्ड हॅच यांची कथा मात्र वेगळी आहे. जुनीच मालिका पुढे चालू व्हावी म्हणून त्यांनी अनेक वर्षे खटपट केली होती, पण नंतर त्यांनीच नव्या मालिकेत टॉम झॅरेक ही कैदी-क्रांतिकारकाची भूमिका स्वीकारली आणि ती उत्तम वठवली. पहिल्या पर्वाच्या अखेरीस हा वाद बहुतांशी निवाला. आज तो उकरून काढणाऱ्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही.

ऑलिम्पिक कॅरियर हे नागरी जहाज पाडणे समर्थनीय होते का?

पहिल्या पर्वाच्या पहिल्याच भागात सायलॉन दर ३३ मिनिटांनी ताफ्याला गाठतात, प्रत्येक वेळी जहाजांना अवकाशात झेप घ्यावी लागते, आणि पाच दिवस कोणाच्या डोळ्याला डोळा लागलेला नसतो. मागे राहिलेले ऑलिम्पिक कॅरियर परत येते तेव्हा त्याच्यावर अण्वस्त्र असल्याचे संकेत मिळतात. जहाजावर तेराशेहून अधिक प्रवासी असल्याची नोंद आहे, आणि तरीही राष्ट्राध्यक्ष रॉझलिन ते पाडण्याचा आदेश देतात.

समर्थक ताफ्याचा हिशेब मांडतात आणि तो हिशेब चुकीचा नाही. विरोधकांचा मुद्दा असा की प्रवासी जिवंत आहेत की नाहीत याची खात्री कोणीच केली नाही. आमच्या मते या प्रसंगाचे मोल निर्णयापेक्षा त्याच्या हिशेबात आहे. प्रत्येक भागाच्या आरंभी जिवंत माणसांची संख्या पडद्यावर येते आणि रॉझलिन तीच संख्या फळ्यावर स्वहस्ते खोडून पुन्हा लिहितात. या भागाच्या शेवटी ताफ्यात एक बाळ जन्मते आणि आकड्यात एकाची भर पडते, तेव्हा इतक्या मोठ्या वजाबाकीनंतरची ती बेरीज पाहून त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू येते. जहाजावर गोळ्या झाडणारा वैमानिक अपोलो, म्हणजे ली अडामा, मात्र ते ओझे पुढे अनेक भाग वाहतो. मूर यापूर्वी स्टार ट्रेकच्या मालिकांसाठी लिहीत असत, जेथे पुष्कळदा एका भागातली जखम पुढच्या भागापर्यंत भरून निघत असे. येथे तसे होणार नाही, हे त्यांनी पहिल्या भागातच स्पष्ट केले.

रॉझलिन आदर्श नेत्या आहेत की हळूहळू हुकूमशहा होत जाणाऱ्या राजकारणी?

दोन्ही पक्षांकडे भरपूर पुरावा आहे. रॉझलिन शिक्षणमंत्री होत्या. वारसाक्रमात त्यांच्या आधीचे बेचाळीस जण मेल्यामुळे, त्रेचाळिसाव्या क्रमांकावरून त्या राष्ट्राध्यक्ष झाल्या, आणि त्याच दिवशी त्यांना स्वतःच्या कर्करोगाचे निदान कळले होते. सैन्य आणि नागरी सत्ता वेगळी राहावी म्हणून त्यांनी गॅलॅक्टिकाचे प्रमुख अडामा यांच्याशी कडवा संघर्ष केला. त्याच रॉझलिन यांनी पुढे लोकसंख्या घटत असल्याचे कारण देऊन गर्भपातावर बंदी घातली, अथीनाची नवजात मुलगी हेरा मेल्याचे तिच्या आईवडिलांना खोटे सांगितले आणि निवडणूक हातची जाते आहे हे दिसताच मतांची अफरातफर होऊ दिली.

त्या अफरातफरीवरचा वाद सर्वांत चविष्ट आहे. गॅलॅक्टिकावरील अधिकारी गेटाने गैरप्रकार उघडकीस आणला, अडामांनी रॉझलिन यांना माघार घ्यायला लावली, रॉझलिन यांचा प्रतिस्पर्धी, शास्त्रज्ञ बाल्टर रीतसर निवडून आला, त्याने न्यू कॅप्रिका या ओसाड ग्रहावर वस्ती करवली आणि वर्षभरात सायलॉनांनी ती ताब्यात घेतली. म्हणजे निवडणूक चोरली असती तर हजारो जीव वाचले असते. या टोचणीतून मालिका प्रेक्षकाला सुटू देत नाही, आणि ‘लोकशाही महत्त्वाची’ असे एका वाक्यात सांगून मोकळे होणाऱ्या चाहत्यांना आम्ही हाच प्रश्न परत विचारतो. मेरी मॅकडॉनेल यांनी हे पात्र इतक्या शांतपणे साकारले आहे की रॉझलिन यांचे घोर अन्यायही पाहताना क्षणभर योग्य वाटतात. हा अभिनयाचा विजय आहे, युक्तिवादाचा नव्हे.

ॲडमिरल केन खलनायिका होती का?

‘पेगॅसस’ या दुसऱ्या वाचलेल्या युद्धनौकेची ही प्रमुख. तिने आदेश नाकारणाऱ्या आपल्या उपप्रमुखाला जागीच गोळी घातली, नागरी जहाजांचे सुटे भाग आणि कामाची माणसे काढून घेऊन उरलेल्यांना वाऱ्यावर सोडले आणि सायलॉन कैदी स्त्रीचा छळ होऊ दिला. इतके असूनही तिचे कट्टर समर्थक आहेत आणि त्यांचे म्हणणे असे की युद्ध चालू असताना ती तेवढी लढत होती, इतर सारे पळत होते. तिच्या मृत्यूनंतर स्टारबक तिच्याबद्दल आदराने बोलते, हेही ते दाखवून देतात. आमचे मत विचाराल तर केन ही ‘अडामांना रॉझलिन भेटल्या नसत्या तर काय झाले असते’ या प्रश्नाचे उत्तर आहे. लघुमालिकेत अडामादेखील पळण्याऐवजी लढायलाच निघाले होते, त्यांना थांबवले ते एका शिक्षिकेने.

न्यू कॅप्रिकावरील आत्मघाती हल्ले दाखवून मालिकेने दहशतवादाचे समर्थन केले का?

तिसरे पर्व ऑक्टोबर २००६ मध्ये सुरू झाले, तेव्हा इराकमध्ये अमेरिकी सैन्य होते आणि आत्मघाती स्फोटांच्या बातम्या रोजच्या होत्या. अशा वेळी मालिकेने आपल्या नायकांना व्याप्त प्रदेशातल्या बंडखोरांच्या जागी बसवले आणि कर्नल सॉल टाय यांच्या हुकुमावरून माणसे अंगाला स्फोटके बांधून गेलेली दाखवली. समर्थन हा शब्द येथे चुकतो. टाय यांचा एक डोळा तुरुंगात काढला गेला आहे, आणि नवऱ्याला वाचवण्यासाठी शत्रूला माहिती पुरवणाऱ्या आपल्या पत्नीला, एलनला, ते स्वतःच्या हाताने विष देतात. या हिंसेतून कोणीही धड बाहेर पडत नाही. या विषयांचे गांभीर्य बाहेरच्या जगानेही ओळखले. मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्क येथील संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्यालयात मालिकेचे निर्माते आणि प्रमुख कलाकार यांच्यासह मानवी हक्क व सशस्त्र संघर्ष अशा विषयांवर चर्चासत्र झाले होते.

बाल्टरला निर्दोष सोडणे योग्य होते का?

तीन विरुद्ध दोन मतांनी तो सुटला आणि स्वतः अडामांचे मत त्याच्या बाजूने पडले. चाहते येथे हमखास एक गल्लत करतात, ती दूर करणे आवश्यक आहे. बाल्टरचा मूळ अपराध म्हणजे संरक्षण यंत्रणेची दारे आपल्या प्रेयसीला, ती सायलॉन आहे हे न जाणता, उघडी करून देणे. याच चुकीतून अब्जावधी माणसे मेली. दुसरा अपराध म्हणजे सायलॉन कैदी जीनाच्या हाती अण्वस्त्र देणे. त्या स्फोटाच्या प्रकाशाचा माग काढतच सायलॉन न्यू कॅप्रिकापर्यंत आले. खटल्यात मात्र त्याच्यावर आरोप होता तो न्यू कॅप्रिकावर शत्रूला सामील झाल्याचा, आणि तेथील मृत्युदंडाच्या यादीवर त्याने सही केली ती डोक्याला पिस्तूल लावलेले असताना. म्हणजे ज्या गोष्टीत त्याचा दोष सर्वांत कमी, नेमक्या तिच्याचसाठी त्याला न्यायालयात उभे केले गेले, आणि खरा गुन्हा माहीत असलेला साक्षीदार होता तो फक्त प्रेक्षक.

ली अडामाची साक्ष हा या भागाचा कणा आहे. बंड, लष्करी उठाव, आत्मघाती हल्ले, गुप्त न्यायनिवाडे करून एअरलॉकमधून बाहेर फेकलेली माणसे, हे सारे माफ झाले, मग एकट्या बाल्टरलाच माफी का नाही, असे तो विचारतो. कायद्याच्या दृष्टीने हा युक्तिवाद भुसभुशीत आहे, कारण इतरांचे गुन्हे माफ झाले म्हणून एकाचा गुन्हा नाहीसा होत नाही. पण ली कायद्याविषयी बोलतच नव्हता. सर्वांची लाज एकाच माणसावर लादून त्याला ताफ्याबाहेर टाकायची जी घाई चालली होती, तिच्याविषयी तो बोलत होता.

‘अंतिम पाच’ सायलॉन आधीपासून ठरलेले होते का?

नव्हते. हे पाच जण माणसांतच राहत होते आणि आपण सायलॉन असल्याचे त्यांनाही ठाऊक नव्हते; त्यांपैकी टाय, टिरॉल, अँडर्स आणि टोरी या ताफ्यातील चौघांची निवड लेखकांनी तिसऱ्या पर्वावर काम करताना केली, आणि मूर यांनी हे कधी लपवले नाही. सायलॉनांकडे एक योजना असल्याचे शीर्षकात प्रत्येक आठवड्याला सांगितले जात असताना लेखकांकडेच ती नव्हती, ही चाहत्यांची आवडती कुरकुर आहे आणि ती रास्त आहे. या निवडीची किंमतही मोजावी लागली. टिरॉल सायलॉन ठरल्यावर त्याचा मुलगा हा माणूस आणि सायलॉन यांचा दुसरा संकरित बालक ठरत होता आणि हेराचे एकमेवपण धोक्यात येत होते; म्हणून चौथ्या पर्वात अचानक मुलाचा पिता दुसराच वैमानिक निघतो. ही ठिगळबाजी आहे, तिला दुसरे नाव नाही.

टाय यांच्या बाबतीत मात्र हाच उशिरा घेतलेला निर्णय सोन्यासारखा ठरला. सायलॉनांचा सर्वांत कडवा द्वेष्टा, ज्याने फितुरीसाठी पत्नीचा जीव घेतला, तोच सायलॉन निघतो, आणि पुढे पाचवी सायलॉन म्हणजे तीच पत्नी असल्याचे कळते. आधी आराखडा आखून इतके क्रूर काही सुचले असते का, याविषयी आम्हाला शंका आहे.

सातव्या क्रमांकाचा सायलॉन डॅनिएल हा स्टारबकचा पिता होता का?

नाही. स्टारबकचे वडील पियानोवादक होते आणि डॅनिएल कलासक्त होता, या साम्यावरून चाहत्यांनी मोठा इमला उभारला; मूर यांनी असा कोणताही हेतू नसल्याचे स्पष्ट केले आहे.

मग परत आलेली स्टारबक कोण होती?

तिसऱ्या पर्वाच्या उत्तरार्धात तिचे यान फुटते, पर्वाच्या शेवटच्या भागात ती कोऱ्या करकरीत यानात परतते, चौथ्या पर्वात तिला पहिल्या, जळून गेलेल्या पृथ्वीवर स्वतःचाच मृतदेह सापडतो, आणि अखेरीस माळरानावर ली बोलत असताना ती दिसेनाशी होते. देवदूत, प्रेतात्मा, ईश्वराने परत पाठवलेली व्यक्ती, असे तीन प्रमुख तर्क आहेत आणि मालिका कोणत्याही एकावर शिक्कामोर्तब करत नाही.

येथे आम्ही चाहत्यांच्या दोन गटांत फरक करतो. जे ही मालिका कोडे म्हणून पाहत होते त्यांना फसवले गेल्यासारखे वाटले, आणि त्यांचा राग समजण्याजोगा आहे, कारण चौथ्या पर्वाने कोड्याचाच आव आणला होता. मात्र ‘शेवटी लेखकांनी ऐनवेळी देव आणला’ हा आरोप टिकत नाही. लघुमालिकेपासूनच बाल्टरच्या डोक्यात एक अदृश्य स्त्री ईश्वराची भाषा बोलते आहे, भाकिते खरी ठरत आहेत, रॉझलिन यांना पडलेली स्वप्ने प्रत्यक्षात उतरत आहेत. देव पहिल्या दिवसापासून घरात होता. विज्ञानकथेची सवय असलेल्या आपण प्रेक्षकांनी तो लवकरच तर्काने उडवून लावला जाईल असे गृहीत धरले, इतकेच.

मालिकेच्या शेवटावर सर्वांत मजबूत आक्षेप कोणता?

तंत्रज्ञानाचा त्याग. दीड लाख वर्षांपूर्वीच्या आपल्या पृथ्वीवर पोहोचल्यावर सुमारे ३८,००० माणसे ली अडामाच्या सूचनेवरून आपली सारी जहाजे सूर्यात सोडून देतात, छोट्या गटांनी खंडोखंडी पांगतात आणि रिकाम्या हाताने आयुष्य सुरू करतात. चार पर्वे जी माणसे पाणी, इंधन, औषधे आणि मतपेट्या यांवरून एकमेकांच्या उरावर बसत होती, त्यांच्यातील एकानेही प्रतिजैविके सोडायला हरकत घेऊ नये, हे पटत नाही. थोड्याच भागांपूर्वी गेटा आणि झॅरेक यांनी सायलॉनांशी युती नको म्हणून रक्तरंजित बंड केले होते, तोच हा ताफा. आम्ही हा शेवट पाच-सहा वेळा पाहिला आहे आणि अडामा रॉझलिन यांच्या थडग्याशेजारी बसतात तेथे दरवेळी गळा दाटून येतो, पण या एका ठिकाणी दरवेळी दातात खडा लागतो.

हा आक्षेप आणखी धारदार करता येतो. बाल्टर आपल्या सायलॉन प्रेयसीला, सिक्सला, आपल्याला शेतीतले थोडेफार कळते असे सांगतो आणि तो क्षण फार हृद्य आहे. पण आपल्या माहितीतील शेतीचा आरंभ साधारण दहा ते बारा हजार वर्षांपूर्वीचा. याचा अर्थ बाल्टरची शेती, आणि त्याच्यासोबत त्या सर्वांची भाषा, लिपी व वैद्यक, काही पिढ्यांत पुसले गेले. मालिका हे उच्चारत नाही, परंतु तिच्याच कालगणनेतून हे निघते.

हेरा ‘मायटोकॉन्ड्रियल ईव्ह’ असणे वैज्ञानिकदृष्ट्या शक्य आहे का?

हेरा ही आजच्या सर्व माणसांची आदिमाता असल्याचे मालिकेच्या अखेरीस सुचवले जाते. ही संकल्पना खरी आहे. पेशीतील मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडूनच मिळतो, त्यामुळे आज जिवंत असलेल्या सर्व माणसांची आईची, तिच्या आईची, अशी साखळी मागे नेल्यास ती एका स्त्रीपाशी एकवटते. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ही कल्पना गाजवली. ही स्त्री त्या काळातील एकमेव स्त्री नव्हती. इतरांचेही वंशज आज असू शकतात, केवळ त्यांची अखंड मातृशाखा उरलेली नाही. त्यामुळे ‘हेरा सोडून बाकी सारे निर्वंश झाले’ हा अनेक चाहत्यांचा निष्कर्ष चुकीचा आहे. परक्या ग्रहावर स्वतंत्रपणे उत्क्रांत झालेल्या जीवांशी संकर जुळणे मात्र विज्ञानाला मान्य होणार नाही, आणि मालिकाही त्याचे श्रेय योगायोगापेक्षा ईश्वरालाच देते.

एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. हेराचा पिता हीलो माणूस आहे आणि आई अथीना सायलॉन आहे. म्हणजे मालिकेचा शेवट शब्दशः घेतला तर तुमच्याआमच्या प्रत्येक पेशीतील मायटोकॉन्ड्रिया सायलॉनांकडून आलेला आहे. पहिल्या प्रश्नावर भांडणाऱ्या दोन्ही पक्षांनी यावर विचार करावा.

शीर्षकसंगीतात गायत्री मंत्र कसा आला, आणि मालिकेत हिंदू विचार आहे का?

रिचर्ड गिब्स यांच्या शीर्षकसंगीतात ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातील गायत्री मंत्राचे शब्द गायले आहेत. उच्चार परके आहेत, त्यामुळे अनेक मराठी प्रेक्षकांना ते दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ओळखू येतात. सारे पूर्वी घडले आहे आणि पुन्हा घडणार आहे, हे मालिकेचे पालुपद आणि सायलॉनांचे देहांतर पाहून युगचक्र व पुनर्जन्म आठवणे स्वाभाविक आहे. तथापि त्यावरून ही ‘आपली’ कथा ठरवू नये. मूळ कथानकावर लार्सन यांच्या मॉर्मन श्रद्धेचा ठसा आहे, माणसांचे देव ग्रीक आहेत, आणि एकेश्वरवादी आहेत ते सायलॉन. बारा वसाहतींची नावे मात्र राशीचक्रातून घेतलेली आहेत आणि ती ओळखण्यात मौज आहे : कॅप्रिका म्हणजे मकर, टॉरॉन वृषभ, लिओनिस सिंह, व्हर्गॉन कन्या, लिब्रान तूळ, स्कॉर्पिया वृश्चिक. उरलेल्या सहा वाचकांनी लावून पाहाव्यात.

मालिका कोणत्या क्रमाने पाहावी?

आधी लघुमालिका, कारण ती वगळल्यास पहिल्या भागातील थकवा कळणार नाही. मग तीन पर्वे, त्यानंतर केनची पूर्वकथा सांगणारा ‘रेझर’ हा २००७ चा दूरचित्रपट, मग चौथे पर्व. ‘द प्लॅन’ हा २००९ चा चित्रपट सर्वांत शेवटी पाहावा; तो आधी पाहणाऱ्यांना सायलॉन कॅव्हिलचे रहस्य फुकट कळते आणि त्याबदल्यात फारसे काही हाती लागत नाही.